तांब्याच्या गावात

इथं जमिनीच्या पोटात तांबं होतं.
आता पोकळी आहे, वर बर्फ,
आणि बर्फावर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत
ट्रकांनी शिंपडलेलं मीठ.

तौनो लाहतीनं मिसेस काँगास यांची पिकअप वर घेतली,
ब्रेकच्या नळीवरून अंगठा फिरवला.
पोलादाचे पापुद्रे त्याच्या बाहीत पडले.

मी नवी होते. भिंतीवरच्या वेटोळ्याकडे बोट केलं:
ते लावू? मऊ आहे, गंजायचं नाही.
शिवाय इथलंच.

"तांबं फार ऐकतं," तो म्हणाला,
"वाक म्हटलं की वाकतं.
पण गाडीची थरथरही ऐकत राहतं, रोज,
आणि ऐकून ऐकून कडक होतं.
मग चिरतं. क्लिपेच्या आत,
जिथं कुणी बघत नाही."

बराच वेळ नुसता पाना वाजला.

"खाण बंद झाली त्या आठवड्यात
वडिलांनी आणलं होतं ते घरी.
वेइक्कोनं हौसेनं बसवलं. माझा धाकटा.
तीन हिवाळे काही झालं नाही.
चौथ्यात, हँकॉकच्या उतारावर,
पाय थेट फळीला टेकला.
खाली कालवा गोठलेला होता.
पण मार्चचा बर्फ."

एवढंच. मग त्यानं ड्रॉवरमधून दुसरी नळी काढली:
तांबंच, पण दहा टक्के निकेल मिसळलेलं,
रंगानं जरा फिकं,
ताप उतरलेल्या माणसासारखं.
"हे वाकतं, आणि विसरतंही," तो म्हणाला.

कॉफीच्या डब्याभोवती मी तिला वळण दिलं.
टोक फुलवलं, परत आत दुमडलं.
पहिलं टोक वाकडं फुललं, कापून टाकलं.
दुसरंही.
पेट्रोलच्या बाजूला साधं रबर लावायला निघाले
तर त्यानं हातातून काढून घेतलं:
फुगतं ते, दारू प्यायलेल्या पाहुण्यासारखं.

संध्याकाळी तो गाडीखाली, मी सीटवर.
दाब.
धर.
सोड.
बाटलीत बुडबुडे येतात, मग येत नाहीत.

समोर भिंतीवर ते वेटोळं.
त्याचं एक टोक करवतीनं कापलेलं आहे,
आज पहिल्यांदा दिसलं.
किती कापलं असेल?
मागच्या चाकापर्यंत पुरेल एवढं.

दाब, तो खालून म्हणतो.
दाबते. पाय अर्ध्यावर थांबतो.
थांबला?
थांबला.
परत बघ, म्हणतो.