बेवारस

रात्री साडेदहानंतर, ओटा पुसून झाला की
सातपूर कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावर
मी यादी उघडते.
आज एकोणीस नावं.
ज्यांच्यासमोर कुणाचंच नाव नाही अशी नावं.

एक मोडेमशी बोलायचं. मोडेम आता कुणाकडे आहे?
एक टाळ्यांच्या आवाजात गजर लावायचं.
एक नुसतं पडद्यावर मांजर पळवायचं,
आणि त्याच्यासाठीच काही माणसं अजून हळहळतात.

नियम साधा आहे.
नव्या कंपायलरशी ज्याचं जमत नाही,
ज्याच्या तक्रारी दोन वर्षं कुणी वाचल्या नाहीत,
त्याला नोटीस. तीस दिवस.
कुणी दत्तक घेतलं तर ठीक, नाहीतर संग्रहातून बाहेर.
याचा मला पगार नाही.
दिवसा अंबडला बेअरिंगचा स्टॉक बघते,
तिथंही न हललेल्या मालावर लाल खडू मीच ओढते.

बाबा नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते.
म्हणायचे, बिघडलेला कागद फाडायच्या आधी मोजायचा.
दोनदा. दोन वेगळ्या माणसांनी.
छापताना चुकलं तर फाडता येतं,
फाडताना चुकलं तर काय करशील?
म्हणून मी दोनदा बघते
कोण कुणावर टेकून उभं आहे ते.
दुसरं माणूस मात्र नाही. दोन्ही वेळा मीच.

सातवं नाव: जोडाक्षर, ०.३.१.
जुन्या फॉन्टातलं मराठी नव्यात आणायचं,
मोडलेला क्ष सांधायचं,
रफार ज्याच्या त्याच्या डोक्यावर ठेवायचं.
कर्ता सुधन्वा केंगे. मेल पाठवला, आल्या पावली परत.
शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची, एका ओळीची:
"ऱ्य अजून चुकतोय. उद्या बघतो."

नोटीस लावली.

चोविसाव्या दिवशी भद्रकालीत गेले होते,
भाचीच्या साखरपुड्याच्या पत्रिकेसाठी.
शब्बीर मणियारांनी थोरलीच्या वेळची फाईल काढली,
म्हणाले, मजकूर तोच ठेवू, नावं बदलू.
कुठलीशी कळ दाबली.
काळी चौकट क्षणभर उघडली, मिटली.
मी वाचलं. त्यांनी नाही.
मग चष्मा वर करून त्यांनी
"दुसऱ्या मजल्यावर" मधला ऱ्य
माऊसनं ओढून ओढून जागेवर बसवला.
"हा एक हातानं करावा लागतो. बाकी सगळं तोच करतो."
तोच म्हणजे कोण?
"काय माहीत. असेल कुणीतरी."

परत येताना पुलावर गर्दी.
धरणातून पाणी सोडलं होतं,
दुतोंड्याच्या गुडघ्यापर्यंत आलं म्हणत होते,
एक जण म्हणाला मांडीपर्यंत, त्यावर वाद.
मी थांबले नाही.

तीन रात्री प्रयत्न केला.
बांधायला घेतलं तर एक्केचाळीस चुका.
सहा सुधारल्या. सातवीत ज्या लायब्ररीचं नाव होतं
ती गेल्या वर्षी मीच काढली होती.
दत्तक घ्यावं, तर माझ्या नावावर आधीच चौदा,
त्यातली तीन कसली आहेत ते मला आठवत नाही.
उद्या माझंही नाव कुणाच्यातरी यादीत,
कुणीतरी भांडी घासून बसलेलं.

एकतिसाव्या रात्री काढलं.
सकाळी एका पेनड्राईव्हवर जुनी प्रत
मणियारांना नेऊन दिली. म्हटलं, हे मशीन बदलू नका,
बदललंत तर आधी मला फोन करा.
"का? चालतंय की."
चालतंय, म्हटलं.
त्यांनी पेनड्राईव्ह शाईच्या डब्यामागं ठेवला,
पत्रिकांचा गठ्ठा दिला, पन्नास रुपये सोडले.

काढण्याच्या नोंदीत कारण लिहावं लागतं.
कर्ता बेपत्ता. बांधणी मोडलेली. पर्याय नाही.
शेवटचा रकाना ऐच्छिक आहे,
एरवी मी तो रिकामा सोडते.
वापरणारे: निदान एक.
मग आठवं नाव उघडलं.