आतला खिसा

रिपोर्ट मंगळवारी मिळाला.
मी तो मुतगेकरांच्या लग्नातल्या
चौदा ब्लाऊजपिसांखाली सारला
आणि नवरीची बाही जोडत बसलो.

होय, बसलो. आमच्या वडगावात बायका
येतो, जातो, बसलो असंच म्हणतात.
सून साताऱ्याची, तिला अजून हसू येतं.
त्या दिवशी नाही आलं.

नर्स म्हणाली होती, गड्डे.
डॉक्टर इंग्लिशात काहीतरी लांबलचक.
मी घरी येऊन मराठीत म्हणून बघितलं: गाठ.
शेजारच्या मागावर दिवसभर हाच शब्द,
धागा तुटला, गाठ मार, चालव.
मालक तीस वर्षं गाठी मारत आलेत,
डोळे मिटून मारतात.
रात्री जेवताना त्यांच्या हातातनं भाकरी सुटली.

मग माणसं यायला लागली.
जाऊबाईंनी सौंदत्तीच्या भंडाऱ्याची पुडी दिली,
कुणी गोकाककडच्या पाल्याचा पत्ता,
कुणी म्हणालं, सुरी लागली की पसरतं हं.
मी सगळ्यांना चहा केला.

स्कॅन सोमवारी.
तोवर काज, हुक, पट्टी, अस्तर.
टेप गळ्यात असतोच माझ्या,
त्याचं एक टोक नेमकं तिथंच येतं,
चालताना लागतं.
आधी पण लागत असेल.

रात्री तीनला लाईट गेली, माग थांबले.
त्या शांततेत हात आपसूक तिकडं,
जीभ जाते तसा
हललेल्या दाताकडं.

मेणबत्ती लावून मापाच्या वह्या काढल्या.
एकोणीस वह्या. अर्ध्या वडगावच्या छात्या
माझ्या हस्ताक्षरात:
कुणाची बाळंतपणानंतर वाढलेली,
कुणाची सासू गेल्यावर.
चाळता चाळता एका पानावर थांबलो.
इरव्वा कमतगी. छाती ३६.
शेरा: डावीकडं आतून खिसा,
बटण नको, तोंड वर.

मला वाटलेलं, पैशासाठी.
विचारलं पण होतं तिला,
"इरव्वा, नवऱ्यापासनं लपवतीस व्हय?"
ती हसली होती.
दर दिवाळीला तोच खिसा.
बारा वर्षं मी तो शिवला.

उजाडताच गेलो.
ती दारात सडा टाकत होती.
मी काही बोललो नाही,
नुसता हात ठेवला, जिथं ठेवायचा तिथं.
तिनं बादली खाली ठेवली.
"बा, कुंद्रु."

मग तिच्या मोडक्या मराठीत, "कोणता?"
"उजवा."
"कापूस घालू नको. हलका.
खांदा वर चढतो, फोटोत कळतंय.
मोहरी टोचते. राळे घाल,
तराजूवर तोलून."
"अगं, काढणार की ठेवणार
तेच अजून ठरलं नाही."
"मग राळ्याची खीर कर,"
म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

आतनंच बोलत होती.
पहिले पंधरा दिवस लई वाईट.
नंतर तारखा मिळतात.
तारीख धरून चालता येतंय,
भिंत धरल्यासारखं.
आत्ता तुला भिंत नाही, एवढंच.
मी बशीत फुंकर घालत राहिलो,
चहा कधीचा गार झालेला.

निघताना तिनं माझ्या गळ्यातला टेप ओढून घेतला.
तीस वर्षांत माझं माप कुणी घेतलं नव्हतं,
जुन्या ब्लाऊजवरनं मी आपलं
अंदाजानं कापायचो.
पितळी टोक थंड लागलं.
"मूवत्तेळु," ती म्हणाली.

घरी येऊन विसाव्या वहीत लिहिलं,
आधी माझं नाव, पुढं सदतीस.
शेऱ्याचा रकाना तसाच ठेवला.
मग नवरीची बाही उसवली.
अर्धा इंच चुकली होती,
मंगळवारची होती ती.