आवर्तन बंद

तिसऱ्या दिवशी पहाटे दूध आलं,
कुणी बोलावलं नसताना.
ब्लाउजचा हूक लागेना.
छाती दगड, आणि काखेपर्यंत एक ठणका,
हात वर केला की दात विचकणारा.

बाळ वाटीतलं पावडरचं दूध पिऊन झोपलेलं,
ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब.
मी तिच्याकडे पाठ करून बसले,
ती रडली की हे वाहतं म्हणून.

पाजायचं नाही, हे सातव्या महिन्यातच ठरलं होतं,
मी, दिगंबर आणि डॉक्टर निकुंभ,
मध्ये टेबलावर माझ्या रक्ताचा रिपोर्ट.
लिथियम दुधात उतरतं.
आणि लिथियम सोडलं तर मी चढते,
उतरायचं विसरते.
सहा वर्षांपूर्वी तीन रात्री न झोपता
रामकुंड ते सोमेश्वर चालत होते,
वाटेत चपला, घड्याळ, आईची बोरमाळ
भेटेल त्याला देत.
ती बाई मला या घरात नको.
तिच्या मांडीवर बाळ तर नकोच.

हे कौतिकबाईंना कसं सांगायचं?
त्या अळिवाचे लाडू घेऊन आल्या, मोजून एकवीस.
म्हणाल्या, गाय पान्हा चोरते,
बाईनं चोरलेला कधी पाहिला नव्हता.
लाडू दिगंबरने संपवले, रोज दोन.
बाळंतपण त्यालाच मानवलं.

आई जुनं लुगडं फाडत होती, घट्ट आवळायला.
तेवढ्यात शरणपूरहून सुवार्ता सिस्टरांचा फोन :
आवळायचं नाही गं, नुसता आधार द्यायचा.
गरम पाणी पाठीवर घे, छातीवर नको.
पिळत बसू नकोस. अगदीच असह्य झालं तर चार थेंब,
सुटण्यापुरते, रिकामं होण्यापुरते नाही.
पॅरासिटामॉल चालेल. दुसरी कुठलीही गोळी
तुझ्या गोळीशी भांडेल, विचारल्याशिवाय नको.
एका जागी लाल झालं, थंडी वाजून ताप आला,
तर सकाळची वाट बघू नकोस.
आणि हो, कोबी आहे का घरात?

दिगंबर पंचवटीच्या बाजारात गेला.
भाजीवालीनं विचारलं, भाजीला की पचडीला?
हा म्हणाला, बायकोला.

फ्रिजमधलं गार पान, शिरा लाटण्यानं चेचलेल्या,
छातीवर ठेवलं तर नेमकं बसलं,
जणू माप देऊन शिवलेलं.
मला हसू आलं, हसल्यावर दुखलं,
दुखल्यावर थोडं रडूही आलं,
पण झोपही लागली, दीड तास.
उठले तेव्हा पान मलूल,
अंगाला लग्नघरातल्या मागच्या चुलीचा वास.
उरलेल्या गड्ड्याची भाजी आठवडाभर.

नाना बाहेरच्या खोलीत पेपर धरून.
तीस वर्षं गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्यावर पाटकरी.
या विषयावर बाप काय बोलणार?
तरी तिसऱ्या पानामागून, कुणालाच न सांगितल्यासारखं :
"आवर्तन बंद केलं तरी चारीत आठ-दहा दिवस पाणी राहतं.
त्याला कुठं कळवलेलं असतं.
तळ उकरायचा नाही. उकरला की परत पाझरतं.
मागणी नाही, हे त्याचं त्याला समजू द्यायचं."
मग पान उलटून म्हणाले, द्राक्षाला यंदा भाव बरा आहे.

मी उकरलं नाही.
पाचव्या दिवशी ठणका काखेतून खाली आला.
सातव्या दिवशी कुशीवर झोपता आलं.
मध्ये एका रात्री शेजारचं मूल रडलं
आणि माझा गाऊन भिजला.
कुणाचं रडणं, याची शहानिशा न करता
धावून जाणारं हे दूध.
त्याचा राग आला नाही मला.

बाराव्या दिवशी, बारशाच्या सकाळी,
हूक लागला.
बाळाला उचलून छातीशी धरलं, कुठे चमकलं नाही.
तिनं तोंड फिरवून फिरवून शोधलं,
ब्लाउजच्या काठावर नाक घासलं,
एक छोटं, त्रासलेलं हुं.
मी म्हटलं, थांब, वाटी आणते.

आता रात्री दहाला दोघींचं एकदमच असतं.
तिला वाटी, मला गोळी.
ती संपवेपर्यंत मी पाणी पीत नाही.