बद्द

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, गिर्यारोहक यायच्या आधी,
आम्ही दोघं तार तपासायला जातो.
विजोमामा पुढे, मी मागे,
माझ्या पाठीवर नटबोल्टांची पिशवी, लाल रंगाचा डबा,
आणि मामीनं दिलेली जवाची भाकरी, जी
दुपारपर्यंत कातळाशी बरोबरी करते.

घळीत अजून बर्फ आहे. राखाडी, शिळा,
वर दगडांची मिरी पेरलेली.
हिवाळ्यानं काय काय नेलं ते आधी पायांना कळतं.
एकविसाव्या खुंटीपाशी तार सैल,
सव्विसावी हिमलोटानं वाकवलेली,
कुणी रागात चमचा वाकवावा तशी.

मामाची पद्धत सोपी.
हातोडा एकदाच मारायचा, दोनदा नाही.
खुंटी पक्की असली तर खणखणीत बोलते,
आवाज तारेवरून पुढच्या खुंटीपर्यंत धावत जातो.
आत गंज असला, भेगेत पाणी गोठून सुटलं असलं,
तर बद्द.
चिरलेलं मडकं वाजतं तसं.
"बाकी सगळं," तो म्हणायचा, "डोळ्यांची फसवणूक.
चकचकीत खुंट्या उपटल्यात मी दोन बोटांनी."

ही तार त्याच्या वडलांनी ओढली. त्याआधी इथे
युद्धातल्या शिपायांची लाकडी शिडी होती;
तिच्या दोन पायऱ्या अजून एका फटीत अडकून आहेत,
करड्या, हलक्या, हाडासारख्या.
मामा तिथे हात टेकत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

सत्तावन्न नंबर.
खाली सातशे मीटर हवा, आणि हवेच्या तळाशी
आमचं गाव: चर्च, लाकडाची गिरणी,
कुणीतरी वाळत घातलेली पांढरी चादर.
मामानं हातोडा मारला.
बद्द.
"चांगली आहे," तो म्हणाला, आणि कॅरॅबिनर पुढे सरकवला.

मी थांबले.
वाऱ्याचा दोष असेल. हेल्मेटचा असेल.
पिवळ्या चोचीचा एक कावळा अगदी जवळून
पंख न हलवता वर गेला, जणू त्यालाही बघायचं होतं.
मग आठवलं, हिवाळाभर तो टीव्हीसमोर
मान तिरकी करून बसायचा.
मामी दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा पाठीवर हात ठेवायची.
चर्चमध्ये लोक उठले की मग हा उठायचा.
आम्ही सगळ्यांनीच कानाडोळा केला होता.

"मामा." त्याला ऐकू गेलं नाही.
मी तार हलवली. तारेची भाषा त्याला अजून येते.
तो वळला.
मी सत्तावन्नवर बोट ठेवलं,
आणि नुसती मान हलवली, नाही.

आधी चिडला.
एकाहत्तर वर्षांचा माणूस उभ्या कड्यावर चिडला
की जागा कमी पडते.
मग मागे आला, हातमोजा दातांनी काढला,
तळवा खुंटीशेजारी कातळावर ठेवला,
हातोडा माझ्याकडे दिला. मार.
मी मारला.
त्यानं डोळे मिटले होते.
"अजून एकदा."
दोनदा मारायचा नसतो, हे त्यानंच शिकवलेलं.
मारला.

बराच वेळ तळवा तिथेच होता,
गाभण गाईच्या कुशीवर ठेवावा तसा.
"कधीपासून?" मी अगदी त्याच्या तोंडासमोर जाऊन विचारलं.
मला वाटलं, म्हणेल, या हिवाळ्यापासून.
तो हसला. "तीन वर्षं झाली, बुर्गा.
तळव्यानं ऐकत होतो.
आज मोजा काढायचा कंटाळा केला."

कंटाळा.
माझे गुडघे त्या शब्दावर थरथरले, कड्यावर नाही.

सत्तावन्नवर मी लाल फुली केली. रंग ओघळून
त्याच्या बुटावर पडला. तो काही म्हणाला नाही.
जुलैत लोक येतील, म्युनिकहून, मिलानहून,
प्रत्येक खुंटीपाशी एक कॅरॅबिनर सोडतील, एक धरतील,
दोन्ही एकदम कधीच नाही.
नवी सत्तावन्न वीतभर डावीकडे असेल.
कुणाच्या लक्षातही येणार नाही.

अठ्ठावन्नपासून हातोडा माझ्याकडे.
पुढे मी, मागे तो.
मधूनच तार हलायची, उगाच,
आणि मी हलवून उत्तर द्यायचे.