नाटकाचं दार

सप्टेंबरात कोस्केलाबाई वर्कशॉपमध्ये आल्या,
म्हणाल्या, एक दार हवंय.
भिंती नकोत. भिंती लोक मनातल्या मनात बांधतात,
दार मात्र खरं लागतं.

मी म्हटलं, बाई, सव्वीस वर्षं मी या हायस्कुलात
पोरांना गुण्या धरायला शिकवतोय.
नाटकातलं मला ओ की ठो कळत नाही.
बरंच आहे, त्या म्हणाल्या.

पाइनच्या पाच फळ्या, तीन बिजागऱ्या,
चौकटीला मागून दोन तिरके टेकू.
ज्याच्या अलीकडे घर नाही, पलीकडेही नाही,
असं दार मी आधी कधी केलं नव्हतं.
आमच्याकडे, मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला,
दार म्हणजे आधी थंडी अडवायची वस्तू.

ऑक्टोबरात ते हिरवं होतं.
खुनाचं विनोदी नाटक.
दुसऱ्या अंकात वेलनच्या मिशीचा डिंक सुटला,
आणि इन्स्पेक्टरसाहेब मिशी मुठीत धरून
"कोणीही बाहेर जायचं नाही!" असं बजावत
स्वतःच बाहेर निघाले.
दार अडकलं. ओलीनं फुगलं होतं.
आतून लाथा, बाहेरून धक्के,
जिम्नॅशियमभर माणसं हसून हसून आडवी.
मला हसू आलं नाही.
रात्री बारापर्यंत एकटा बसून
खालची कड दोन सूत तासली.

फेब्रुवारीत राखाडी.
खाणीवरचं नाटक, पोरांनीच लिहिलेलं,
गावातल्या म्हाताऱ्यांच्या स्वयंपाकघरांत बसून, विचारून विचारून.
उणे एकतीस. रस्ते बंद.
प्रेक्षक अकरा, त्यातला एक बर्फ उपसणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर,
हात शेकायला आला आणि बसूनच राहिला.

पाळीवरून न परतलेल्या माणसाची बायको
आयव्ही बोल्यू करायची.
तिला वाक्य एकच: "कोण आहे?"
ते तिनं दाराशी उभं राहून पंधरा वेळा म्हणायचं.
पहिल्यांदा म्हणाली, तसं आपण कोणीही म्हणतो,
हातातलं काम न सोडता.
चौथ्यांदा जरा चिडून.
नवव्यांदा इतकं हळू, की बाहेर कोणी असलंच तर
त्यानं उत्तर देऊ नये.
माझे वडील तर परतायचे. रोज परतायचे,
खाण बंद पडली त्या दिवसापर्यंत.
तरीही विंगेत उभ्या उभ्या मला
आईनं कडी काढल्याचा आवाज आला.

सोळाव्यांदा तिनं विचारलं नाही.
नुसतं दार उघडलं.
पलीकडे मी होतो, हातात पाचर, अंधारात,
हातभर अंतरावर.
ती माझ्याकडेच बघत होती
आणि मी तिथे नव्हतो.

अकरा माणसांच्या टाळ्या, त्याही हातमोज्यांतल्या.
छपरावरून बर्फ घसरावा, तसा आवाज.

मे महिन्यात पिवळं. बेकरीचं संगीत नाटक,
चाळीस पोरं, सगळी एकदम त्याच दारातून आत.
डॅग्नीनं रंगाचा अर्धा डबा स्वतःच्या बुटांवर ओतला.
बाकी मला आठवत नाही. गाणी बरी होती.

शेवटच्या प्रयोगानंतरच्या रविवारी
सगळं मोडायचं असतं. लाकूड महाग आहे.
खिळे उपटून एका डब्यात, बिजागऱ्या दुसऱ्या.
वेलननं टेकू काढले, चौकट पडली,
आणि दार टेबलावर आडवं घेऊन मी सवयीनं
कडेवरून अंगठा फिरवला.
कडीच्या खाली, पिवळ्याच्याही खाली,
नखानं ओढलेल्या रेघा.
मोजल्या. पंधरा.
आकडा चुकू नये म्हणून ओढत असणार पोरगी.
एवढंच असणार.
ती पलीकडे पडद्याची घडी घालत होती,
च्युइंगम चघळत.
मी काही विचारलं नाही.

फळ्या सुट्या करून मांडणीवर ठेवल्या.
पुढच्या वर्षी बाईंना होडी हवी आहे.
लाकूड हेच. चार फळ्यांना रंधा मारून ठेवलाय.
पाचवीचं सप्टेंबरात बघू.