तहकूब सभा

वॉशिंग मशीनच्या पाठीवर वही ठेवून लिहिते आहे,
ती थरथरते, म्हणून अक्षरही.
ऑखनेरी फुटबॉल क्लबाच्या कचेरीत टेबल एकच,
आणि त्यावर चहाचं पिंप ठाण मांडून,
एखाद्या आजीव सभासदासारखं.

पहिलं पान, अठराशे ब्याण्णव.
'चेंडू एक. खांब चार. जाळी नाही.'
खाली वेगळ्या शाईत:
'एफी लम्सडेन व धक्क्यावरील इतर बायकांनी
हेरिंगची दोन जुनी जाळी दिली. आभाराचा ठराव.'
गोल झाला की म्हणे खवले उडायचे.
म्हणून आम्ही जाळीवाले.
बाहेरगावचे आम्हाला पाहून नाक धरायचे,
अजून धरतात,
हेरिंग कधीचे निघून गेले तरी.

मैदान समुद्राकडे उतरतं.
नाणेफेकीआधी कर्णधार चर्चवरच्या
लोखंडी कोंबड्याकडे बघतो.
वारा कुणाचाच सभासद नाही.

१९०९: 'शून्य विरुद्ध अकरा. हवा बरी होती.'
सेक्रेटरी हेक्टर इनग्लिस. शब्दांच्या बाबतीत चिक्कू.
ऑक्टोबर १९१४: 'गणसंख्येअभावी सभा तहकूब.'
नोव्हेंबर, तेच.
डिसेंबर, तेच.
मग पानंच्या पानं तेच, एकाच हातचं,
म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
हा माणूस कुलूप काढून, दिवा लावून,
रिकाम्या खुर्च्या मोजून, तेवढं लिहून
घरी जात होता.
१९१९: 'उपस्थित पाच.
जर्सी अकराही शिल्लक आहेत.'
त्या पानावर आणखी काही नाही.

चषक आमच्याकडे एकच, अठ्ठावन्न सालचा.
समोरचा संघ बर्फात अडकला,
त्यांचे सातच जण पोचले, त्यातला एक बसचा ड्रायव्हर.
चषकाला हे माहीत नाही.
तो कपाटात ताठ उभा असतो.

आणि त्र्याण्णवची ती सभा.
विषय एक: क्लब बंद करणे.
पत्रे उडालेले, वीजबिल थकलेलं,
मैदानावर सुपरमार्केट यायला टपलेलं.
सहा हात वर. सहा हात मांडीवर.
निर्णायक मत अध्यक्षांचं, ड्युगल्ड ऑर यांचं.
ते म्हणाले, "फ्लडलाइट चालू राहिलेत, बंद करून येतो,"
आणि उठले.

आलेच नाहीत.
अर्ध्या तासाने कुणी खिडकीचा धूर पुसून पाहिलं
तर दिवे लख्ख,
आणि ते, ओव्हरकोट, टोपी, कामाचे बूट,
रिकाम्या गोलात पेनल्टी मारतायत.
एक बाहेर गेली.
ती परत मारली त्यांनी.

तेव्हा सेक्रेटरी माझी आई. तिने लिहिलं:
'अध्यक्ष मैदानावर असल्यामुळे सभा तहकूब.'
ती पुन्हा भरलेली नाही.
सुपरमार्केटच्या वकिलाने तीनदा विचारलं,
तीनदा आम्ही हेच पान दाखवलं.
ड्युगल्ड वारले त्यालाही वर्षं झाली.
कागदोपत्री ते अजून दिवे बंद करायला गेलेत.

परवाच्या शनिवारी हरलो, एक-तीन.
आमचा एक, तोही जाळी फाडून पार गेला,
रेफरी वाकून भोकातून समुद्र बघत राहिला.
मग लॅक्लन लम्सडेन, एक्क्याऐंशी,
सुई घेऊन गुडघ्यांवर. गाठ पणजीचीच.
"या गाठीतून मासा सुटत नाही," म्हणाला.
आणि चेंडू?
"चेंडू? तो आधी आत येऊ दे."

मशीन पिळायला लागलं. आता अक्षर लागणार नाही,
भराभर लिहून टाकते:
मागील इतिवृत्त वाचून कायम.
उपस्थिती एकशे त्रेचाळीस,
कुत्रा धरून चव्वेचाळीस.