पांढरा

माझगावात, टायरच्या दुकानावर, तीन टेबलं.
तिसऱ्याचं कापड उसवलेलं,
तिथे आम्ही शिकाऊ. तासाला दीडशे.

त्या रात्री मी काळा चुकवला.
सोपा होता. पॉकेटच्या तोंडाशी जाऊन
जरा थरथरला, आणि नाही म्हणाला.
दोस्त हसले. पैसे मी भरले.

चॉकनं निळी झालेली बोटं पँटला पुसत होतो,
तेव्हा बाप्टिस्टा मार्कर
(चाळीस वर्षं दुसऱ्यांचे गुण मांडतोय,
कुणाला कधी चांगलं म्हटल्याचं ऐकिवात नाही)
चेंडू त्रिकोणात भरता भरता,
माझ्याकडे न बघताच, बोलला:

"काळा काय, नशिबानंही जातो.
पांढरा नशिबानं थांबत नाही.
सात नंबर घालताना थांबवलास ना,
बघितला मी."

एवढंच. मग टेबलावरचा दिवा घालवला त्यानं.

डॉकयार्ड रोडच्या बाजूला चालत निघालो.
क्यू नव्हता हातात, तरी डावा हात
उगीच पूल बांधत होता हवेत.
सिग्नल लाल झाला.
रस्ता रिकामा, कुत्रंसुद्धा नाही,
तरी मी थांबलो,
पट्ट्याच्या अलीकडे, बोटभर अंतरावर,
हवं होतं तिथेच.